दावा जमिनीचा आणि दावा भरपाईचा : नाव कुठं सांगायचं, कुठं नाही

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. लिहून काढताना बोलण्यातले शब्द शक्य तिथं तसेच ठेवले आहेत. – संपादक)



सकाळपासून गायरानाचं बोलणं चाललंय. कुणाच्या नावानं एक-ई ची नोंद आहे, कुणाच्या नाही. कुणाकडं दंडाची पावती आहे, कुणाची पावती छपरातच भिजून गेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयातली १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ही मुदत कुणाला लागू पडते, कुणाला नाही. नीट बघितलं तर हे सगळं बोलणं नावाचं आहे. आपली चळवळच नाव लावून घ्यायची चळवळ आहे. तलाठ्याच्या दारात आपण काय म्हणून बसतो? आमचं नाव लावा म्हणून. वनहक्काच्या दाव्यात तर ग्रामसभेपुढं नाव वाचून दाखवायचं असतं. एखादा म्हातारा उठतो आणि सांगतो, ह्याचा बाप हेच रान कसत होता, मी बघितलंय. तो जबाब लिहून घेतात आणि तो पुरावा होतो. जमिनीचा दावा जितका उघड, तितका पक्का. दडवून ठेवलेला दावा मेला म्हणून समजा.

मला आज दुसऱ्या एका दाव्याबद्दल बोलायचंय. तो बरोबर उलटा चालतो. बाईवर, पोरीवर अत्याचार झाला तर सरकारकडून भरपाई मागायचा हक्क आहे. त्या दाव्यात नाव जितकं झाकलेलं, तितकी ती बाई सुरक्षित आणि तितकी केस पक्की. आपल्याला सवय आहे पहिल्या दाव्याची. म्हणून दुसऱ्या दाव्यात आपल्याच हातून घोळ होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून आजचं बोलणं.

काहीजण म्हणतील, हा विषय महिला मंडळाचा, जमिनीच्या शिबिरात कशाला? तर ऐका. जानेवारी २०१८ मध्ये जम्मूकडच्या कठुआ जिल्ह्यात आठ वर्षांच्या एका पोरीवर अत्याचार करून तिला मारलं. ती बकरवाल समाजाची. बकरवाल म्हणजे शेळ्यामेंढ्या घेऊन डोंगर चढणारे-उतरणारे लोक, तिथली अनुसूचित जमात. पोलिसांनी कोर्टात जे दोषारोपपत्र दिलं, त्यातच होतं की बकरवालांनी तो भाग सोडून जावा, त्यांना धाक बसावा, हा ह्यामागचा हेतू होता. म्हणजे प्रश्न चराईचा आणि जागेचा, आणि वार केला पोरीवर. आपल्याकडं काय वेगळं आहे? गायरानातून नांगर हलवता येत नाही म्हटल्यावर पहिली धमकी कुणाला येते? सरपण आणायला एकटी जाणाऱ्या बाईला. तेव्हा हा विषय जमिनीचाच आहे.

आता कायदा काय सांगतो, ते थोडक्यात.

भरपाईचे दोन मोठे रस्ते आपल्या लोकांना लागू पडतात. पहिला रस्ता अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम. १४ एप्रिल २०१६ पासून ह्या नियमांत रकमा वाढल्या. गुन्हा बघून ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसहाय्य आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात ५ लाख, सामूहिक असेल तर सव्वाआठ लाख. हे पैसे एकदम येत नाहीत. वैद्यकीय तपासणी आणि तिचा अहवाल झाल्यावर निम्मे, दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर पाव, आणि खालच्या कोर्टातला खटला संपल्यावर उरलेला पाव. हे काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून चालतं.

दुसरा रस्ता मनोधैर्य योजनेचा. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत शक्ती मिलच्या पडीक आवारात एका छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात मनोधैर्य योजना लागू झाली. बलात्कार, लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला ह्यांच्यासाठी. पहिल्यांदा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ निर्णय घ्यायचं. २०१७ मध्ये योजना सुधारली, तेव्हापासून हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आहे. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं. गंभीर प्रकरणांत १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ह्याच्या मुळाशी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३५७-अ होतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३९६ झालंय. त्यात एक गोष्ट फार कामाची आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी सुद्धा पीडितेला भरपाई मागता येते.

हे झालं पैशाचं. आता नावाचं.

बलात्कार पीडितेचं नाव किंवा ती कोण हे कळेल असं काहीही छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड. पीडित अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ लागतं. आणि पोक्सोच्या कलम ३३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ओळख म्हणजे फक्त नाव नाही. मुलाचं कुटुंब, शाळा, नातेवाईक, राहायचा परिसर, ह्यातलं काहीही सांगितलं तर ओळख सांगितली, असं धरायचं.

११ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना खटल्यात ह्यावर मोठा निर्णय दिला. त्यातल्या चार-पाच गोष्टी पाठ करून ठेवा. एक, आडवळणानं सुद्धा ओळख पटेल असं लिहायचं नाही. दोन, अशा गुन्ह्यांचा एफआयआर पोलिसांनी लोकांसाठी खुला करायचा नाही, संकेतस्थळावर टाकायचा नाही. तीन, नाव असलेले कागद पोलिसांनी शक्यतो बंद पाकिटात ठेवायचे आणि जे कागद लोकांच्या नजरेला पडू शकतात त्यात नाव काढलेली प्रत लावायची. चार, ज्या ज्या अधिकाऱ्याला कामापुरतं ते नाव कळलं, त्याच्यावर ते गुप्त ठेवायचं बंधन आहे. पाच, बाई मरण पावली असेल तरी तिचं नाव मोकळं होत नाही. घरच्यांनी परवानगी दिली म्हणून चालत नाही, सत्र न्यायाधीशाकडं जावं लागतं.

कठुआच्या पोरीचं नाव आणि फोटो देशभरातल्या वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी दाखवले होते. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०१८ मध्ये बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले आणि तो पैसा जम्मू-काश्मीरच्या पीडित भरपाई निधीत टाकायला सांगितला. पोरीबद्दल सगळ्यांना कळवळा होता. पण कळवळ्यानं सांगितलं तरी नाव सांगितलंच, असं कोर्टानं धरलं. आपण मोर्चा काढतो तेव्हा हे ध्यानात ठेवायला पाहिजे.

आता ह्या कायद्याचा जन्म कुठं झाला, ते सांगते. तो दिल्लीत झाला नाही. तो आपल्याच राज्यातल्या एका आदिवासी मजूर मुलीच्या अंगावरून गेलेल्या प्रकरणातून झाला. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. ठाण्याच्या आत दोन पोलिसांवर आरोप आला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती उलटवून दोघांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही, असा अर्थ लावला गेला. मग १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद आली, खटला बंद दाराआड चालवायचं ठरलं आणि नाव छापायला बंदी करणारं ते २२८-अ कलम आलं.

त्या मुलीचं नाव मी घेतलं नाही, घेणार पण नाही. ते कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. खटल्यालाच तिचं नाव पडलंय. देशातल्या सगळ्या बायांचं नाव झाकणारा कायदा तिच्यामुळं आला आणि तिचं स्वतःचं नाव मात्र उघडं राहिलं. भरपाईची योजना तेव्हा नव्हतीच. २०१३ च्या शक्ती मिलमधल्या पत्रकार मुलीचं नाव आज तुम्हाला कुणाला माहीत आहे का? नाही. माहीत नाही, हेच बरोबर झालं. तिनं जबाब दिला, आरोपींना शिक्षा झाल्या. १९७२ ची आदिवासी मुलगी आणि २०१३ ची शहरातली मुलगी, ह्यांच्यात एक्केचाळीस वर्षांचं अंतर आहे. पण माझा प्रश्न असा आहे की आज आपल्या वस्तीवर असं काही घडलं, तर आपल्या पोरीला १९७२ मिळणार की २०१३?

कायदा कागदावर सगळ्यांना एकच आहे. नाव फुटतं ते भरपाईच्या कागदाच्या वाटेवर. ती वाट आपण चालून बघू.

समजा, एका वस्तीवर सात घरं आहेत. एका घरातल्या बाईनं फिर्याद दिली. ठाण्यात ठाणे अंमलदार, शिपाई, पंच. दवाखान्यात डॉक्टर, नर्स, केस पेपर लिहिणारा. मग अर्थसहाय्याचं प्रकरण करायचं म्हणून जातीचा दाखला मागतात. दाखल्यासाठी तलाठ्याकडं, सेतूत, तहसीलला, उपविभागीय कार्यालयात. तिथं कुणीतरी विचारतंच, एवढ्या घाईनं दाखला कशाला पायजे बाई? मग बँकेचं पासबुक, आधार. झेरॉक्सच्या दुकानात एफआयआरच्या प्रती. दुकानदार वाचतो, त्याच्या मागं उभा असलेला वाचतो. पैसे मंजूर झाले की गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावायला जायचं. तिथला पोऱ्या मोठ्यानं म्हणतो, मावशे, तुझ्या खात्यावर अडीच लाख आले की! चार माणसं वळून बघतात. झालं. कोर्टानं ज्या नावावर पाकीट चिकटवलं होतं ते पाकीट गावच्या चौकात फुटलं.

ह्यात कुणी दुष्ट असायचं कारण नाही. प्रत्येकानं आपापलं काम केलं. पण नाव पंधरा-वीस हातांतून गेलं आणि एकाही हाताला कुणी सांगितलं नाही की हे झाकायचं असतं.

मग पुढं काय होतं? गावात बोलणं सुरू होतं, पैशासाठी केस केली. नवऱ्याचे भाऊबंद पैसे मागायला येतात. उसनवारीवाला येतो. कुणी दलाल येतो, म्हणतो पुढचा हप्ता मी काढून देतो, एवढे टक्के द्या. आरोपीकडचे लोक येतात, पैसे तर भेटले ना, आता सोड की केस. आणि केस अजून कोर्टात उभी पण राहिलेली नसते. खटल्यात उलटतपासणीला आरोपीचा वकील विचारतो, तुम्हाला सरकारकडून किती रक्कम मिळाली? त्या लाखांच्या लोभानं फिर्याद दिली ना? बाई कोलमडते, साक्ष फिरवते. मग सगळे म्हणतात, बघा, खोटीच केस होती. म्हणून म्हणते, नाव झाकणं हा लाजेचा विषय नाही. साक्षीदार टिकवायचा विषय आहे. जमिनीच्या लढ्यात आपण पंच टिकवतो, साक्षीदार टिकवतो, तसंच हे.

इथं एक बारकावा आहे, तो नीट ऐका. बलात्काराच्या आणि पोक्सोच्या गुन्ह्यात नाव गुप्त ठेवणं आपोआप लागू होतं, अर्ज करावा लागत नाही. पण ॲट्रॉसिटीचे बाकीचे गुन्हे, म्हणजे शिवीगाळ, मारहाण, जमिनीवरून हुसकावणं, पीक उपटणं, पाणी बंद करणं, ह्यात तसं नाही. तिथं कलम १५-अ आहे, २०१५ च्या दुरुस्तीनं आलं आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. त्यात विशेष न्यायालयाला अधिकार दिलाय की साक्षीदारांची नावं-पत्ते निकालात आणि लोकांना बघता येतील अशा कागदांत झाकून ठेवावीत, ती उघड करू नयेत असे आदेश द्यावेत, धमकी आली तर लगेच दखल घ्यावी. पण त्यासाठी फिर्यादीनं, पीडितानं, साक्षीदारानं किंवा सरकारी वकिलानं अर्ज करायचा असतो. कोर्ट स्वतःहून पण करू शकतं, पण त्याची वाट बघत बसू नका. आपले किती लोक हा अर्ज करतात? साक्षीदार फुटल्यावर आपण कपाळावर हात मारतो. अर्ज त्याच्या आधी करायचा असतो.

आता आपल्यातल्याच दोन शंका. त्या खऱ्या आहेत, त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिली शंका. जुने कार्यकर्ते म्हणतात, लाज अत्याचार करणाऱ्याला वाटावी, बाईनं का लपावं? बोलणं बरोबर आहे. राजस्थानच्या भटेरी गावच्या भंवरीदेवींनी १९९२ नंतर स्वतःच्या नावानं, स्वतःच्या तोंडानं देशाला सांगितलं, आणि त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आला. त्यांचं नाव आपण मानानं घेतो, कारण ते त्यांनी दिलं. कायद्यात पण ही सोय आहे. सज्ञान बाई स्वतः लेखी परवानगी देऊन आपली ओळख उघड करू शकते. म्हणजे कुलूप कायद्यानं लावलंय आणि किल्ली तिच्या हातात दिलीय. किल्ली बापाच्या हातात नाही, नवऱ्याच्या नाही, आणि संघटनेच्या तर अजिबात नाही. आणि एक सांगते. ठाण्यातून आल्या दिवशी, दवाखान्यातून आल्या दिवशी, मोर्चाच्या आदल्या रात्री तिच्याकडून जी परवानगी घेतली जाते ती परवानगी धरायची नाही. त्या दिवशी तिला कुणी सही माग म्हटलं तर ती कशावरही अंगठा देईल.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. नाव झाकायच्या नावाखाली प्रकरणच झाकतात, त्याचं काय? पोलीस म्हणतात गोपनीय आहे, माहिती देता येत नाही. समाजकल्याण म्हणतं गोपनीय आहे. पैसे पोचले की नाही कुणालाच कळत नाही. आपण तर माहिती अधिकारावर उभी असलेली चळवळ. त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितलंय. रोजगार हमीच्या, रेशनच्या याद्या आपणच भिंतीवर लावायला लावल्या. मग इथं काय करायचं?

इथं यादी मागायची नाही, आकडे मागायचे. माहितीचा अर्ज असा करायचा: ह्या वर्षी जिल्ह्यात असे गुन्हे किती नोंदले? त्यातल्या किती प्रकरणांत अर्थसहाय्याचा प्रस्ताव झाला? किती मंजूर, किती नामंजूर, नामंजुरीची कारणं कोणती? एफआयआरपासून पहिला हप्ता जमा होईपर्यंत प्रत्येक प्रकरणात किती दिवस लागले? दुसरा आणि तिसरा हप्ता किती प्रकरणांत बाकी आहे? निधी किती आला, किती पडून आहे? प्रकरणाला क्रमांक द्या म्हणावं, नाव नको, गाव नको. ह्या आकड्यांनी अधिकाऱ्याला जितकं उत्तर द्यावं लागतं तितकं नावांच्या यादीनं द्यावं लागत नाही. आणि "गोपनीय" म्हणून तो हे आकडे अडवू शकत नाही, कारण गुप्त आहे ते नाव, सरकारचा हिशोब नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, तीन महिन्यांतून एकदा तरी बसायला पाहिजे. आमदार-खासदार, अधिकारी आणि बाहेरचे सदस्य असतात, कधी आपल्यातलं कुणी असतं. तिथं प्रकरणांचा आढावा होतो. आपला माणूस तिथं असेल तर त्यानं पहिल्याच बैठकीत मागणी करावी की लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणांत बैठकीच्या टिपणीत नाव येता कामा नये, फक्त गुन्हा क्रमांक. आणि त्यानं स्वतः बाहेर येऊन चहाच्या टपरीवर काही बोलायचं नाही.

तमिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यात वाचाती नावाचं आदिवासी गाव आहे. २० जून १९९२ ला चंदनचोरी शोधायच्या नावाखाली वनखातं, पोलीस आणि महसूलच्या लोकांनी गावावर धाड घातली. अठरा बायांवर बलात्कार झाले. २९ सप्टेंबर २०११ ला सत्र न्यायालयानं जे आरोपी जिवंत होते त्या सगळ्यांना दोषी धरलं. बारा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२३ ला, मद्रास उच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला आणि अठरा जणींना प्रत्येकी १० लाख द्यायला सांगितले, त्यातले ५ लाख दोषींकडून वसूल करून. एकतीस वर्षं लागली. एवढी वर्षं गावानं त्या बायांना धरून ठेवलं. आपण सगळे त्यांना वाचातीच्या अठरा बाया म्हणूनच ओळखतो. लढा उभा राहायला एकेकीचं नाव आपल्याला कळायची गरज पडली नाही. आकडा पुरला, गाव पुरलं, आणि सरकारचं नाव पुरलं.

पण इथं सुद्धा ध्यान ठेवा. वाचातीला अख्खं गाव पीडित होतं, म्हणून गावाचं नाव सांगता आलं. आपल्या सात घरांच्या वस्तीवर एकच पोर त्या वयाची असेल, तर "अमुक वस्तीवरची पंधरा वर्षांची मुलगी" असं लिहिणं म्हणजे नावच लिहिणं. आरोपी जर घरातला किंवा नात्यातला असेल तर आरोपीचं नाव छापलं तरी तिचं नाव छापल्यासारखंच. तिथं आरोपीचं नाव पण छापायचं नाही.

आता आपण काय करायचं, ते नेमकं सांगते. लिहून घ्या.

१. बाईबरोबर दोनच माणसं राहतील, त्यातली एक बाई. बाकीच्या कार्यकर्त्यांना कोण, कुठली, हे कळायची गरज नाही. त्यांनी विचारायचं पण नाही. "मला का सांगितलं नाही" असा रुसवा ह्या कामात धरायचा नाही.

२. कागदाचे फोटो मोबाईलवर काढायचे नाहीत, व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचे नाहीत. एफआयआरची प्रत, दवाखान्याचा कागद, पासबुक, काहीच नाही. झेरॉक्स तालुक्याला किंवा जालन्याला, समोर उभं राहून काढायची आणि खराब निघालेली प्रत पण बरोबर आणायची.

३. जातीचे दाखले एकट्या तिच्यासाठी काढायचे नाहीत. अख्ख्या वस्तीचे एकदम काढायचे. तसे ते लागतातच. सगळ्यांच्या कागदांत तिचा कागद मिसळून जातो. सगळ्यात बरं म्हणजे हे काम आत्ताच करून ठेवायचं, कुणावर काही वेळ यायच्या आधी.

४. खातं तिच्या एकटीच्या नावावर, तालुक्याच्या बँकेच्या शाखेत. गावातल्या केंद्रावर अंगठ्याचा व्यवहार त्या पैशासाठी करायचा नाही. मोठी रक्कम एकदम काढायची नाही. पोर लहान असेल तर रकमेचं काय करायचं ते आधी प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलून ठरवायचं.

५. अर्ज बंद पाकिटात द्यायचा, वर "गोपनीय" लिहायचं, पोच घ्यायची. पोचेवर फक्त गुन्हा क्रमांक आणि तारीख. कार्यालयात कुणी मोठ्यानं नाव पुकारलं तर तिथंच थांबवायचं आणि साहेबांना लेखी द्यायचं.

६. वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणं बाई असो की अनुसूचित जमातीचा माणूस, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे. दलालाला एक रुपया द्यायचा नाही.

७. कलम १५-अ चा अर्ज दोषारोपपत्राची वाट न बघता तयार ठेवायचा. जमिनीच्या मारहाणीच्या प्रकरणात सुद्धा.

८. मोर्चाच्या फलकावर, निवेदनात, पत्रकात आणि आपल्या ह्या अंकात नाव नाही, वस्ती नाही, बापाचं नाव नाही, शाळा नाही, पाठमोरा फोटो सुद्धा नाही. लुगड्याच्या रंगावरून गाव माणूस ओळखतं. निवेदनात गुन्हा क्रमांक टाका, कार्यालयाला तेवढा पुरतो. अंकात तो पण नको, फक्त जिल्हा आणि मागणी पुरे.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. नाव कधीकधी फुटणारच. गाव लहान आहे. फुटलं तर पुन्हा पुन्हा "कुणी सांगितलं" म्हणून शोधत बसायचं नाही, त्यानं ते आणखी पसरतं. त्या वेळी वस्तीनं एकच करायचं: तिच्या दारात बसायला जायचं, रोजच्यासारखं. तिला कामावर बोलवायचं, लग्नाला बोलवायचं, शिबिराला बोलवायचं. आणि कुणी पैशावरून टोमणा मारला तर त्याला तिथंच उत्तर द्यायचं की हे पैसे दान नाहीत, बक्षीस नाहीत. सरकारनं तिला राखायला पाहिजे होतं, राखलं नाही, त्याची ही भरपाई आहे. कर्जमाफी घेणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही की तुझं पीक खरंच बुडालं का. तिला पण विचारायचं नाही.

उद्या जमिनीचे दावे भरायला बसू तेव्हा नावं मोठ्यानं वाचू, चुकलेली नावं दुरुस्त करू, राहिलेली घालू. ते काम उघड्यावरच करायचं. पण दुसऱ्या दाव्याचा कागद हातात आला तर आवाज खाली घ्यायचा. हे दोन्ही ज्याला जमेल, त्या कार्यकर्त्यावर लोक जमीन पण सोपवतील आणि लेकीबाळी पण.

ठराव लिहून आणलाय. वरच्या आठ गोष्टी तालुक्यातल्या प्रत्येक गटानं पाळायच्या, असा तो ठराव आहे. वाचून दाखवते, दुरुस्ती असेल तर आत्ताच सांगा, मग हात वर करा.

जिंदाबाद.